चांगला सर्वो ड्राइव्ह ‘जळाला’ म्हणून काढून नेला

घरी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणारं मशीन) बांधलेल्या किंवा बांधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, विशेषतः आपल्या कोल्हापूर भागातल्या मुलांनी. उद्यमनगरात मी कितीतरी कामं करून घेतली. तिथल्या माणसांनी मला पैसे कमी घेऊन जास्तच शिकवलंय. त्यामुळे तिथल्याच एका दुरुस्तीवाल्याने केलेली ही फसवणूक मनाला फार लागली.

माझं मशीन घरामागच्या शेडमध्ये आहे. तिन्ही अक्षांना ७५० वॅटच्या एसी सर्वो मोटरी, आणि प्रत्येक मोटर चालवणारा वेगळा कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना लागणारे लाकडाचे, एमडीएफचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे नमुने, त्यावर कापतो. घर त्यावरच चालतं. एके दिवशी वाय अक्ष मध्येच थांबला, ड्राइव्हवर एनकोडरचा (मोटर किती फिरली ते ड्राइव्हला कळवणाऱ्या भागाचा) अलार्म. रीसेट केला की चालू, तासाभरात पुन्हा बंद. अर्धा कापलेला पॅटर्न वाया गेला, आणि डिलिव्हरी दोन दिवसांवर.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसत होती, पण तिचा अर्थ कळला नाही. गँट्री, म्हणजे कापणारं डोकं वाहणारा सरकता पूल, मागच्या टोकाला गेली की मगच अलार्म यायचा. पुढच्या अर्ध्या भागात दिवसभर काम केलं तरी काही होत नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह सोडवून दुकानात आणायला सांगितलं. टेबलावर ठेवून फक्त सप्लाय जोडला. डिस्प्लेवर तोच एनकोडरचा अलार्म लागला. “बघा दादा, हितं पण तोच अलार्म. कार्ड उडालंय की तुमचं!” कार्ड म्हणजे ड्राइव्हच्या आतला सर्किट बोर्ड. डोळ्यांसमोर दिसल्यावर मी काय बोलणार? ही युक्ती नीट समजून घ्या. अशा ड्राइव्हला एनकोडरची केबल जोडलेलीच नसेल, तर तो चांगला असला तरी एनकोडरचा अलार्म देणारच. त्याला मोटरकडून सिग्नलच मिळत नाही. त्या टेबलावर मोटरही नव्हती आणि केबलही नव्हती.

मग त्याने ‘रिकंडिशन’ ड्राइव्ह दिला. माझा ‘जळालेला’ बदल्यात ठेवून घेतला, वर १४,५०० रुपये. बिल मागितलं तर “जीएसटी लावू का?” म्हणून विचारलं. घाईत मी नको म्हणालो आणि कच्च्या चिठ्ठीवर आकडा घेऊन आलो.

बसवायला त्याचा पोरगा आला. त्याने ड्रॅग चेनमधली (गँट्रीबरोबर वाकत सरकणाऱ्या, केबल धरणाऱ्या साखळीतली) केबल ओढून पुन्हा नीट बसवली आणि मशीन बारा दिवस चाललं. तेराव्या दिवशी तोच अलार्म, तेच मागचं टोक. आता तो म्हणाला, मोटर गेली, एनकोडरची काच फुटली असणार, १६,००० लागतील.

यावेळी मी थांबलो. माझे मेहुणे एका व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन) शॉपमध्ये मेंटेनन्स बघतात. ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आधी अदलाबदल.” मेन स्विच बंद करून ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबलो. घाई करू नका, आत कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज शिल्लक असतो. एनकोडरचा प्लगही चालू मशीनवर कधी काढू नका. एक्स आणि वाय या दोन्ही मोटरी एकसारख्या. पॅरामीटर लिहून घेऊन दोघांचे ड्राइव्ह बदलले, अलार्म वायवरच राहिला. म्हणजे ड्राइव्हचा दोष नाही. मग वायच्या मोटरला बाहेरून दुसरी एनकोडर केबल जोडली. गँट्री मागे-पुढे तासभर फिरवली, अलार्म नाही. म्हणजे मोटरही चांगली.

जुनी केबल चेनमधून काढून पुन्हा जोडली आणि मोटर सर्वो ऑन करून जागेवरच धरली. मी केबल वीतभर अंतराने हाताने वाकवत गेलो. प्लगपासून साधारण दीड फुटावर वाकवली की लगेच अलार्म. तिथे चिरलं तर निळ्या वायरचं वरचं आवरण शाबूत होतं, आत तांब्याच्या तारा तुटून चुरा झालेला. चेनमध्ये सतत वाकणाऱ्या जागी साधी केबल टाकली होती, ती माझी चूक. तिथे फ्लेक्झिबल, शील्ड असलेली केबलच लागते. नवी केबल १,९०० रुपयांत झाली.

इथवर मी मानलं असतं की त्या माणसाला निदान जमलं नाही. पण इचलकरंजीच्या एका मित्राला सर्वो ड्राइव्ह हवा होता, त्याने मला विचारायला फोटो पाठवला. “चालू कंडिशन, १८,०००.” दुकान तेच. ड्राइव्हच्या डाव्या बाजूला पांढऱ्या मार्करने माझ्या अक्षरातला ‘वाय’ होता. सीरियल नंबर माझ्या वहीतल्या नंबरशी जुळला.

मी दुकानात गेलो. तो म्हणाला, आम्ही कार्ड बदलून दुरुस्त केला, आणि बदल्यात दिलेल्या मालावर तुमचा हक्क राहत नाही. बिल नसल्याने माझ्याकडे दाखवायला फारसं काही नाही. तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार सहसा चालत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूची चालते, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. चिठ्ठी, वहीतला नंबर आणि मित्राला आलेला फोटो जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतोय.

तो ड्राइव्ह आता त्या दुकानात दिसत नाही. ‘वाय’ पुसला असेल, पण खालच्या कोपऱ्यात माझा स्क्रूड्रायव्हर घसरून पडलेला बोटभर ओरखडा आहे. असा ड्राइव्ह कुणी विकायला दाखवला तर घेऊ नका, आणि मला कळवा.