डेस्क सांभाळून फेलोशिप, की वर्षभर डेस्क सोडून?

मानसिक आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांसाठीच्या फेलोशिपला अर्ज करायचाय म्हटलं की लोक पहिलं विचारतात, पैसे किती देतात. मला विचाराल तर तो प्रश्न तिसरा. पहिला हा, की तुमच्याकडे स्टोरी आहे की नुसता विषय आहे? अर्ज कुठे करायचा ते त्यावरच ठरतं, कारण वरवर सगळ्या फेलोशिप सारख्याच दिसतात पण प्रत्येकीला तुमच्याकडून हवं असतं वेगळंच.

एक आहे अमेरिकेतल्या कार्टर सेंटर या संस्थेची, १९९६ साली सुरू झालेली, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन कार्टर यांच्या नावाची आणि फक्त मानसिक आरोग्याच्या पत्रकारितेसाठीची. वर्षभराची आहे, पण नोकरी सोडायची नाही, घर हलवायचं नाही, अटलांटाला भेटीगाठी आणि चर्चेसाठी जायचं आणि मधला सगळा काळ आपल्या जागी बसून ठरवलेला प्रोजेक्ट पूर्ण करायचा. अमेरिकेतल्या फेलोंना बरीच वर्षं यासाठी १०,००० डॉलर मिळत आलेत. आणि हो, अमेरिकेबाहेरून अर्ज करायचा तर त्या देशात त्यांची पार्टनर संस्था असावी लागते, हे आधी तपासा, नाहीतर पंधरा दिवस प्रपोजलवर घालवून शेवटी पात्रतेच्या ओळीवर अडकाल.

दुसरी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची नाइट सायन्स जर्नलिझम फेलोशिप, १९८३ पासूनची. ही पूर्ण उलट्या टोकाची. शैक्षणिक वर्षभर अमेरिकेतल्या केंब्रिजला (इंग्लंडमधलं नव्हे) जाऊन राहायचं, नेहमीचं काम बाजूला ठेवायचं, एमआयटी आणि हार्वर्डच्या वर्गात बसायचं. विषय विज्ञान, आरोग्य, पर्यावरण असा मोठा, त्यात मानसिक आरोग्य हा तुमचा कोपरा. जगभरातून अर्ज येतात त्यामुळे स्पर्धा जबरदस्त. (तिसराही एक प्रकार असतो, आठवडाभराचा, ट्रॉमावरचा, म्हणजे मनावरच्या आघातांवरचा. १९९९ साली फ्रँक ऑकबर्ग या मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने सुरू झालेली फेलोशिप त्यातली. दंगल, युद्ध, अत्याचार कव्हर करणाऱ्यांसाठी ती जास्त कामाची, तिच्यात मी इथे शिरत नाही.)

आता स्टोरी की विषय. माझा पहिला अर्ज नाकारला गेला, कुठे ते सोडा, आणि आज तो वाचला तर मी पण नाकारीन. त्यात लिहिलं होतं, 'समाजात मानसिक आजारांबद्दल जागृती निर्माण करणे'. हा विषयसुद्धा नाही, भाषण आहे. पुढच्या वेळी लिहिलं: तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला आत चालू असलेली मानसिक आजाराची औषधं बाहेर आल्यावर कोण देतं, आणि गोळ्या संपल्या की काय होतं? कागदपत्रं कुठली मागणार, कोणाशी बोलणार, किती भाग करणार ते पण. असा प्रश्न हातात असेल तर कार्टरसारखीकडे जा, तिथे प्रोजेक्टच बघतात. आणि नसेल, म्हणजे बीट (बातमीदारीचं ठरलेलं क्षेत्र) करून करून थकलाय, मेंदूविज्ञानाचे पेपर वाचताना पद्धत आणि आकडे कळत नाहीत, डॉक्टर सांगतील ते छापावं लागतं, तर तुम्हाला प्रोजेक्ट नकोय, शाळा हवीये, तेव्हा एमआयटीसारखीकडे बघा.

नोकरी सांभाळून म्हणजे काय तेही नीट समजून घ्या. रोजच्या बातम्या काही कमी होत नाहीत, प्रोजेक्ट रात्री आणि सुट्टीच्या दिवशी होतो. एडिटर 'हो हो कर ना' म्हणतो आणि तिसऱ्या आठवड्यात निवडणूक आली की सगळं बोंबलतं. पण घरी राहून करण्याचा एक फायदा मला फार मोठा वाटतो, तो म्हणजे लोकांकडे परत परत जाता येतं. माझ्याशी एक बाई दोन तास मोकळेपणाने बोलल्या, नाव छापा म्हणाल्या, आणि तीन महिन्यांनी फोन आला, "तेव्हा मी बरी नव्हते हो, नाव काढता येईल का?" काढलं. पटापट उरकायची बातमी असती तर तो फोन यायच्या आत नाव छापून झालं असतं. या बीटमध्ये संमती एकदा घेऊन भागत नाही, बरं वाटत असताना पुन्हा विचारावं लागतं, आणि त्याला महिने लागतात. केंब्रिजहून हे फोनवर करून बघा, जमत नाही.

उलट बाजूही आहे. आपल्याच डेस्कवर राहिलं की जुन्या सवयी सुटत नाहीत. आत्महत्येच्या बातमीत पद्धत मथळ्यात देऊ नका, एकच कारण देऊन मोकळे होऊ नका, मदत कुठे मिळेल ते द्या, हे जागतिक आरोग्य संघटना २००० सालापासून सांगतेय, २०२३ मध्ये परत नव्याने सांगितलं, तरी डेडलाइनला मथळा तोच पडतो. लांब गेलं की निदान हात थांबतो.

पैशाचं थोडक्यात. पगार चालू राहून वर मिळणारी रक्कम आणि पगार बंद होऊन मिळणारा स्टायपेंड यांचे आकडे शेजारी मांडून तुलना करू नका. दुसऱ्यात घरभाडं, विमा, बरोबर येणाऱ्या माणसाची नोकरी सगळं आलं.

मी स्वतः पहिला प्रकार निवडेन, आणि फॉर्म उघडायच्या आधी एडिटरकडून एक ओळ ईमेलवर घेईन: आठवड्यातला अमुक दिवस प्रोजेक्टचा. तोंडी नको. ती ओळ द्यायला तो आढेवेढे घेत असेल तर यंदा थांबा, किंवा सरळ एमआयटीचा फॉर्म भरा.