खासगी प्रत: जर्मनीची वाट आणि ब्रिटनची

स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरची गाणी फोनमध्ये उतरवून घेतली, तर कायदा मोडतो का? जर्मनीत नाही. ब्रिटनमध्ये मात्र मोडतो.

लोक घरी प्रती काढणारच, हे जर्मनीने १९६५ सालीच ओळखलं. खासगी प्रतीला मुभा दिली आणि रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर आकार बसवला. पुढे कोऱ्या कॅसेट आल्या, सीडी आल्या, फोनही आले. हा पैसा वसुली संस्थांमार्फत गीतकार, संगीतकार आणि गायकांपर्यंत जातो. मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते. खोट आहेच: ज्याने आयुष्यात एक गाणं कॉपी केलं नाही, त्यालाही फोनच्या किमतीतून आकार भरावा लागतो. शिवाय मूळ प्रत उघडउघड बेकायदा असेल किंवा डिजिटल कुलूप तोडावं लागत असेल, तर मुभा संपली.

ब्रिटनने ऑक्टोबर २०१४मध्ये सूट दिली, पण कलावंतांच्या भरपाईची सोयच ठेवली नाही. संगीतक्षेत्रातल्या संघटना कोर्टात गेल्या. जुलै २०१५मध्ये हायकोर्टाने ती सूट रद्द केली. जुलै २०१५मध्ये हायकोर्टाने ती सूट रद्द केली.