"ताई, मोठं झालं की चांदण्या जातात"

गेले २६,८०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, नंतर सांगायची हिंमत होणार नाही. माझं पोट लोकांचे हिशेब तपासण्यावर चालतं. पक्की पावती नसली तर मी दुकानदाराला दोनदा हेलपाटे मारायला लावते. आणि स्वतः मात्र बोटभर कासव घेतलं, ते नुसत्या मोबाईलवरच्या मेसेजवर विश्वास ठेवून.

हसायच्या आधी एक ऐका. चांदणी कासव, ज्याला सगळे स्टार कासव म्हणतात, ते पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे हे मला माहीत होतं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न मी तोच विचारला. "नाही हो ताई, हे आफ्रिकन सुल्काटा. परदेशी जात, कागदांसकट देतो." लेकीला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो, आणि आई म्हणाली, देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंच की, घरात आलं तर काय बिघडलं? मी बेकायदा काही मागितलंच नव्हतं.

पिल्लाचे ९,५००. "नोंदणीचे" १,५००. गाडीखर्च ६००. आणि पोसायचं किट ३,२००: दिवा १,९००, खाण्याच्या गोळ्या ८००, कॅल्शियमची पावडर ५००. खोकं आलं पहाटे लक्झरी बसने, पुण्यातल्या वाकडच्या पुलाजवळ. वर मार्करने लिहिलेलं: खेळणी.

ते 'खेळणी' वाचून मी तिथेच थांबायला हवं होतं. पण खरा क्षण त्याच्याही आधीचा आहे, आणि तो आठवला की अजून रात्री झोप उडते. त्याने फोटो पाठवला तेव्हा मी विचारलं होतं, "अहो, पाठीवर पिवळे पट्टे दिसताहेत. हे स्टार तर नाही ना?" म्हणजे मला दिसलं होतं! त्याचं उत्तर आलं, "ताई, मोठं झालं की चांदण्या जातात. हे तळहाताएवढंच राहतं." आणि मी 'ठीक आहे' म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. खरं तर उलटं असतं. चांदणी कासवाच्या पिल्लावर हे पिवळे पट्टे, म्हणजे चांदणीचे किरण, कमी असतात, वाढीबरोबर ते वाढत जातात. आणि सुल्काटाच्या पिल्लावर असे किरण नसतातच, ते मातकट पिवळं असतं. शिवाय सुल्काटा वाढून चाळीस-पन्नास किलोंचं होतं. तळहाताएवढं! म्हणजे त्याचं खोटं सुल्काटाच्या हिशेबानेसुद्धा जुळत नव्हतं. पाच मिनिटं शोधलं असतं तर कळलं असतं. मी टीव्ही बघत होते.

आणखी एक. "फोटो कुठे टाकू नका, नजर लागते," असं तो म्हणाला होता. कागद असलेल्या प्राण्याला कसली नजर लागते?

पुढे त्याच्या सल्ल्याने आम्ही पिल्लाचे जे हाल केले ते लिहिताना हात थांबतो. टबात अर्धं पाणी, दिवसातून दोनदा गोळ्या, रविवारी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. तीन आठवड्यांत नाकाला बुडबुडे आले आणि कवच बोटाखाली दबायला लागलं. डॉक्टरांनी खोक्यात डोकावलं आणि आधी माझ्याकडे बघितलं. "हे जमिनीवरचं कासव आहे, बाई. पाण्यात काय ठेवता? बुडून मरतं. गोळ्या पाण्यातल्या कासवांच्या आहेत." याला कोवळं गवत, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं लागतात. कॅल्शियमला समुद्रफेण. अंगावर थेट सकाळचं ऊन आणि शेजारी सावली. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, लागणारे किरण काच अडवते. आणि १,९०० रुपयांचा दिवा? फिशटँकमध्ये शोभेला लावतात तो, जांभळा. डॉक्टरांनीच सांगितलं, हे स्टार आहे, आजच वनखात्याला कळवा.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. त्याच संध्याकाळी, मी कळवायच्या आधीच, व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे नकाशा. "तुमच्या घरी संरक्षित प्राणी आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा. मिटवायचं असेल तर १२,०००." पुराव्यादाखल त्याने मला माझ्याच ९,५००च्या पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला. तो स्क्रीनशॉट जगात दोघांकडेच होता, माझ्याकडे आणि विकणाऱ्याकडे. कळायला हवं होतं ना? मी थरथरत १२,००० पाठवले. तासाभराने २५,००० मागितले तेव्हा कुठे डोकं चाललं. खरा अधिकारी मोबाईलवर पैसे मागत नाही. फोन कापा आणि आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. मी दुसऱ्या दिवशी कळवलं, तोवर त्याचं खातं रिकामं झालं होतं.

पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, "कासवासाठी सव्वीस हजार?" आणि शेजारच्याला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, ऑनलाइनचं आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, प्राण्याचं आहे, वनखात्याकडे जा. वनखात्याच्या कार्यालयात साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा गेले तर शनिवारची सुट्टी. तिसऱ्यांदा साहेब भेटले आणि म्हणाले, "पैशाचं आम्ही बघत नाही. पण घेतलं तुम्हीच ना? म्हणजे गुन्हा तुमच्यावरही होतो." स्वतःहून आणून देणाऱ्या बाईला हे! विकणाऱ्याचा नंबर, खाते क्रमांक, सगळे मेसेज छापून नेले होते. त्यांनी ते पेपरवेटखाली ठेवले. ते बहुतेक अजून तिथेच असतील. कासव जमा केल्याची पोच मागितली तर, "कशाला हवी?" मी हललेच नाही. दीड तासाने मिळाली. तुम्हीही पोचेशिवाय उठू नका. आणि कार्यालयात खेटे घालण्याआधी १९२६ला, वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. निदान तुम्ही स्वतःहून कळवल्याची नोंद राहते.

खरंच परदेशी कासव घेणार असाल, तर नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर असते आणि ती मालकाच्या नावाने असते. विकणारा "मी करून देतो, १,५०० द्या" म्हणाला की समजून जा, फसवतोय. माझ्या त्या "कागदा"वर 'फॉरेस्ट'चं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं होतं. मी, हिशेब तपासणारी बाई.

लेक रोज विचारते, त्याला तिथे जास्वंद देत असतील का? माझ्याकडे उत्तर नाही. परवा त्याच माणसाचा नव्या नंबरवरून मेसेज आला, फोटोत पहिल्या फोटोतलीच स्टीलची ताटली. "ताई, जोडी पूर्ण करा, नर आहे, ८,५०० फक्त." एवढ्या लहान पिल्लात नर-मादी ओळखताच येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. या वेळी मी तोही मेसेज छापून घेतलाय. नेऊन द्यायचा कुणाला, तेवढं ठरत नाहीये.