पोटातला बलून: 14 किलो गेले, 5 परत आले

वजन कमी करायला सहा महिने पोटात बलून घेऊन फिरलो, काढूनही आता वर्ष होत आलं म्हणून लिहायला बसलोय. हॉस्पिटल कोल्हापुरातलंच, नाव घेत नाही. वजन 118 होतं, दुकानात बसून बसून दुसरं काय होणार.

ऑर्बेरा नावाचा बलून घातला होता. एंडोस्कोपीनं रिकामा बलून आत सोडतात आणि निळं औषध घातलेलं सलाईनचं पाणी 400 ते 700 मिली भरतात. निळं का, तर आत फुटला तर लघवीचा रंग बदलतो आणि कळतं. मग काय, पहिला महिनाभर मी रोज सकाळी बाथरूममध्ये लाईट लावून रंग बघायचो, हसू नका.

पहिले तीन दिवस लई वाईट. पाणी पण टिकत नव्हतं, बायको रात्रभर बादली घेऊन उशाला. डॉक्टरनी हे आधी स्पष्ट सांगितलं होतं आणि रात्री दोनला फोन पण उचलला, त्याबद्दल पूर्ण मार्क. नंतर मात्र सुख, पांढरा रस्सा दोन वाट्या झाला की पोट गच्च. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पुढच्या जत्रेला बलून घरी ठेवून या."

भांडण झालं ते काढताना. बलून सहा महिन्यांत काढावाच लागतो, परत एंडोस्कोपी, परत भूल. पॅकेजमध्ये सगळं आलं असं काउंटरवर तोंडी सांगितलेलं आणि शेवटी काढायचं बिल वेगळं हातात दिलं. विचारलं तर म्हणे फॉर्मवर लिहिलंय, बघितलं तर खरंच होतं, बारीक अक्षरात मागच्या बाजूला.

धोक्याचं पण मी घालून घेतल्यावर वाचलं, म्हणजे उलटाच कारभार. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, 2018 मध्ये सांगितलं की 2016 पासून जगभरात पाण्याच्या बलूनवाल्या 12 पेशंटचे मृत्यू त्यांच्याकडे नोंदलेत. कारण बलूनच असं म्हटलं नव्हतं, तरी वाचून घाम फुटला. वजन कमी करायला बँड पण असतो, त्याचं वेगळं, तो ऑपरेशन करून जठराला बाहेरून बांधतात, वर्षानुवर्षं आतच राहतो, पण सरकतो, जठराच्या भिंतीत रुततो आणि काढायला परत ऑपरेशन. माझ्या मते बलून परवडला, निदान मुदत तरी ठरलेली.

धंद्याचं म्हणाल तर आमचा शेअरवाला दोस्त विचारत होता या बलून-बँडवाल्या कंपन्यांत पैसे घालू का. त्याला म्हटलं, लॅप-बँडची, म्हणजे तसल्याच एका बँडच्या ब्रँडची, वरात बघ, 2013 ला अ‍ॅलर्गननं अपोलो एंडोसर्जरी या अमेरिकन कंपनीला (आपलं अपोलो हॉस्पिटल नव्हे) विकला, 2018 ला अपोलोनं रीशेप कंपनीला देऊन टाकला आणि बदल्यात त्यांचा बलून घेतला, 2023 ला बोस्टन सायंटिफिकनं अख्खी अपोलोच घेतली. त्यात 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन कमी करायची इंजेक्शनं आपल्याकडं आली, आठवड्याला एक सुई, पोटात काही घालायला नको. परवा फॉलोअपला गेलो तर रिसेप्शनवरचं बलूनचं पोस्टर जाऊन तिथं इंजेक्शनचं लागलेलं. अर्थात सुई बंद केली की वजन परत येतं म्हणतात, माझं तर बलून काढल्यावर पण आलंच की, 104 वरून 109.

डॉक्टर 5 पैकी 4, बिलिंग 1. जाणार असाल तर काढायचा खर्च आधी लेखी घ्या, आणि गाडी नेऊ नका, पार्किंग नाही.