दांडिया बाजारातलं किराणा दुकान : उधारही मिळतं, उसनंही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या या दुकानातून आमचं घर चौतीस वर्षं किराणा भरतंय. लग्न होऊन मी साताऱ्याहून बडोद्याला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला तिथे नेलं आणि शेठना सांगितलं, "ही आमची सून. हिच्या हाती द्याल ते आमच्या खात्यावर मांडत जा."

माल चांगला आहे. तूरडाळ, गूळ, हळद डोळे मिटून घ्यावी. तांदूळ मात्र मी तिथून घेत नाही, कोलम म्हणून देतात त्यात कणी फार असते. सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, पंधरा किलोचा डबा पोऱ्या तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवतो आणि त्याचे वेगळे पैसे मागत नाही.

पण मला सांगायचंय ते वहीबद्दल. 'उधारीचं पोतं सव्वा हात रितं' ही म्हण मी माहेरी नुसती ऐकली नाही, सोसली आहे. बाबांचा पगार लांबला की तिथला दुकानदार आईच्या पिशवीत तळातला काळपट गूळ घालायचा, आणि शेजारी रोखीने घेणाऱ्याला पिवळाधमक. आई काही बोलायची नाही. इथे असं एकदाही झालं नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी घरी येऊन प्रत्येक पुडा तोलायचे. माप रोखीला जे, तेच उधारीला.

वही लाल कापडी बांधणीची, आत दोन रकाने, जमा आणि उधार. गुजराती हिशोबातलं हे 'उधार' म्हणजे आपलं 'नावे'. गेल्या फाल्गुनात शेजाऱ्यांचा तेलाचा डबा चुकून आमच्या नावावर चढला आणि मी पैसेही देऊन बसले. दाखवल्यावर शेठनी त्या आकड्यावरून एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, बाजूला सही केली आणि रक्कम पुढच्या महिन्यात वळती करून घेतली. आता शेठचा मुलगा मोबाइलवरही हिशोब ठेवतो, पण त्याच्या मेसेजमध्ये नुसती बेरीज येते, काय कधी नेलं ते येत नाही. मी वहीच मागते.

एकदा कोल्हापूरची भाची आली होती, तिला सामान आणायला पाठवलं. शेठ तिला म्हणाले, "मामीने कहेजो, मारुं लेणुं छसो चालीस छे." पोरगी धावत वर आली. "मामी, तू त्यांच्याकडे दागिने गहाण ठेवलेस?" तिचंही बरोबरच, आपल्याकडे लेणं म्हणजे दागिना. गुजरातीत लेणुं म्हणजे येणं. आमचं ६४० रुपयांचं देणं, ते त्यांचं लेणुं.

आणि मग रव्याची गोष्ट. मागच्या श्रावणात घरी सत्यनारायण होता. प्रसादाला सव्वा किलो रवा हवा, आणि आदल्या संध्याकाळी दुकानातला रवा संपलेला. शेठनी वर घरी हाक मारली. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना भाभी म्हणतो, स्टीलच्या डब्यातून रवा आणून दिला. मी सवयीने म्हटलं, लिहून घ्या. शेठनी वही पुढे ओढलीच नाही. "बेन, आ उधार नथी. उछीनुं छे."

उछीनुं म्हणजे आपलं उसनं. उधारीत माल आज आणि पैसे नंतर. उसन्यात पैसा येतच नाही. वाटीभर साखर नेली तर वाटीभर साखरच परत. तीन दिवसांनी दुकानात रवा आला. मी गल्ल्यावर रोख पैसे देऊन सव्वा किलो घेतला आणि तोच जिना चढून भाभींच्या हातात दिला. शेठ बघत होते, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. डबा भाभींनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाठवला तो सुखडी, म्हणजे कणकेच्या गूळ-तुपातल्या वड्या, भरून. तो मी रिकामा कसा परत करणार? चकल्या घालून दिला.

शब्दाचंही बघा. उधार कशालाही उधारच, पण साखर उसनी, रवा उसना, पीठ उसनं, पैसे उसने. जी वस्तू नेली तिचंच रूप तो शब्द घेतो. गुजरातीतही तसंच, उछीनो, उछीनी, उछीनुं. उसनं आणतात आणि परत करतात, उधारी चुकती करतात, कर्ज काढतात आणि फेडतात. कर्जासाठी सयाजीराव महाराजांनी १९०८ साली काढलेली बँक गावात आहेच. घरासाठी आम्ही तिथूनच काढलं, फेडलं, कागद परत आणले. ते सगळं रीतसर झालं. पण त्या व्यवहारात कुणी सुखडी पाठवत नाही, आणि पाठवावी अशी अपेक्षाही नाही.

दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. ओळखीशिवाय खातं उघडत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. दिवाळीत चोपडापूजनाआधी, म्हणजे वहीपूजनाआधी, सगळी बाकी शून्य करावी लागते, तिथे शेठ कुणाचंच ऐकत नाहीत. नवीन खातं हवं असेल तर लाभपाचमीला, म्हणजे दिवाळीनंतरच्या कार्तिक शुद्ध पंचमीला, जा, सोबत जुन्या गिऱ्हाइकाला न्या. त्या दिवशी नव्या वहीचं पहिलं पान लिहितात आणि हातावर पेढा ठेवतात.