आठ महिने एआर हेडसेट: चिमूट जमली की निम्मं काम झालं

जागा वाळूजची, पत्र्याची शेड. काम इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग शिकवण्याचं. डोळ्यांवर बांधायचा, कॅमेऱ्यातून खोली दाखवून तिच्यात आभासी वस्तू मिसळणारा एआर हेडसेट रोज दीडेक तास वापरात आहे. टेबलावर पॅनेलचं थ्रीडी मॉडेल ठेवायचं, त्यातली वायर बोटांनी उचलून टर्मिनलला लावायची.

सगळं चिमटीवर आहे. अंगठा आणि तर्जनी जुळली की क्लिक. नवखा माणूस हात सरळ पुढे लांबवतो आणि निवड झाली नाही की आणखी जोरात दाबतो. जोराचा इथे काही उपयोग नाही. कॅमेरे कपाळाशी असतात. हात असा धरला की जुळलेली बोटं तळहाताच्या आड जातात. मनगट थोडं आत वळवा: अंगठा आपल्याला दिसला की कॅमेऱ्यालाही दिसतो. बाकीची तीन बोटं सैल ठेवा. कोपर बरगडीला टेकवा, नाहीतर दहा मिनिटांत खांदा भरून येतो. हातमोजे घातले की ओळख डळमळते, तेव्हा सरळ हातात धरायचा बटणांचा कंट्रोलर घ्या.

अक्षरं पुसट दिसली तर आधी पट्टा बघा. मागचा पट्टा डोक्याच्या खालच्या फुगीर भागाखाली बसला पाहिजे; भार गालांवर आला की काच खाली सरकते. मग डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर जुळवा, मोठ्या माणसाचं साधारण 63 मिमी असतं.

ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकलं तर सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ निवडा, आपली वीज तेवढ्याचीच. मॉडेल टेबलावरून सरकतं ते बहुतेक कोऱ्या पांढऱ्या भिंतीमुळे: हेडसेटला धरायला खूणच सापडत नाही. भिंतीवर दोन-चार तक्ते लावले की थांबतं.

खरी अडचण उन्हाळ्याची. ॲपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटसाठी कंपनीनेच 0 ते 30 अंश तापमानाची मर्यादा दिली आहे, आणि एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. आमचा हेडसेटही दुपारी तापून मंदावतो, घामाने काच धुरकटते. म्हणून या दोन महिन्यांत वर्ग सकाळी सात ते नऊ. काच कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, स्पिरिट लावू नका. आणि हेडसेट काढून ठेवताना लेन्स कधीही खिडकीकडे ठेवू नका: भिंगातून एकवटलेलं ऊन आतल्या पडद्यावर कायमचा डाग पाडतं.