डी७२०० आणि एसबी-७००: आठ महिन्यांत फ्लॅश कॉम्पेन्सेशनबद्दल काय कळलं

लग्नं, मुंजी, बारशी अशा कामांत आठ महिने वापरल्यावरचा हा अनुभव. निकॉनचा डी७२०० कॅमेरा, वर एसबी-७०० फ्लॅश, मोड टीटीएल (म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेराच मोजून ठरवतो).

फ्लॅश कॉम्पेन्सेशन म्हणजे फ्लॅशचा जोर वाढवायचं बटण, हा समज आधी सोडा. मुख्य फ्लॅशच्या आधी बारीकसा प्री-फ्लॅश पडतो. समोरून परत किती उजेड आला ते मोजून कॅमेरा जोर ठरवतो. तुम्ही फक्त त्या हिशेबात भर घालता किंवा वजा करता. म्हणून कॅमेरा नेमका कशाला फसणार हे ओळखणं, हेच खरं काम.

पैठणीची जर प्री-फ्लॅश थेट परत फेकते, कॅमेऱ्याला वाटतं उजेड पुरे, आणि नवरीचा चेहरा काळवंडतो. तिथे +०.३ ते +०.७ (आकडे स्टॉपमध्ये; +१ म्हणजे फ्लॅशचा उजेड दुप्पट, -१ म्हणजे निम्मा). फ्रेमभर पांढरे सदरे, धोतरं असतील तर +०.७ ते +१. काळ्या कोटातला नवरदेव एकटाच जवळून घेताना -०.७, नाहीतर कपाळ पांढरंफटक पडतं. मागे आरसा किंवा स्टीलची भांडी असतील तर आकडे शोधत बसू नका. एफव्ही लॉक (एकदा मोजलेला फ्लॅशचा जोर धरून ठेवणारी सोय) कॅमेऱ्याच्या एफएन बटणावर लावा, चेहऱ्यावर धरून लॉक करा, मग फ्रेम लावा.

दुपारच्या उन्हात डोळ्यांखालची सावली भरायला -१ ते -१.७. पण मॅट्रिक्स मीटरिंगमध्ये (कॅमेरा पूर्ण फ्रेमचा उजेड मोजतो तेव्हा) फ्लॅश मागच्या उजेडाशी जुळवून आधीच सौम्य पडतो, त्यावर -१.७ दिलं की फ्लॅश पडला होता का, असा प्रश्न पडतो. स्पॉट मीटरिंगवर (फक्त एका ठिपक्यापुरतं मोजणं) गेलात की हे जुळवणं बंद होतं, मग तेच आकडे वेगळे वागतात.

सेटिंग सोपं: फ्लॅशचं बटण दाबून पुढची डायल. मागची फिरली तर फ्लॅश मोड बदलतो. बॉडीवर -३ ते +१, १/३ च्या पायरीने. एसबी-७०० वर वेगळं ±३ आहे आणि दोन्हींची बेरीज होते. फ्लॅशवर -१, बॉडीवर विसरलेलं -०.७, म्हणजे -१.७. बॉडीवरचं कॅमेरा बंद करूनही पुसलं जात नाही. कॉम्पेन्सेशन एकाच जागी ठेवा, शक्यतो फ्लॅशवर.

दुसरा घोळ साध्या एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा. मूळ सेटिंगमध्ये ते मागचा उजेड आणि फ्लॅश दोन्ही हलवतं. संध्याकाळचं आकाश गडद करायला -१ दिलं की माणसंही काळी. कॅमेऱ्याच्या मेनूतल्या ई४ या कस्टम सेटिंगमध्ये ‘फक्त पार्श्वभूमी’ निवडा, दोन्ही सुटे होतात.

आणि + देऊनही काहीच बदललं नाही तर? फ्लॅशकडे द्यायला उरलेलंच नाही. ३५ मिमी झूमवर गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला एफ-आकड्याने भागलं की पोच मीटरमध्ये) २८: आयएसओ १०० आणि एफ/५.६ ला सरळ फ्लॅश ५ मीटर पोचतो, +१ मागितलं की जेमतेम ३.५. छतावरून बाउन्स केला तर त्याहून बरंच कमी. फोटोनंतर फ्लॅशवरचा रेडी लाइट तीनेक सेकंद लुकलुकला की पूर्ण जोर संपला समजा. फ्लॅशच्या स्क्रीनवर किती कमी पडलं तेही दिसतं. -१.० दिसलं तर आयएसओ ४०० चं ८०० करा. कॉम्पेन्सेशनला हात लावू नका.